तानपुरा डोलतोय का? पहिला टर्नटेबल निवडताना आणि लावताना

माझा पहिला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, न्यू जर्सीहून आला. मेव्हण्याने तो स्वेटरांच्या घड्यांत गुंडाळून बॅगेतून आणला. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 230 व्होल्टचे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आलो, सगळं जोडलं आणि घरातली एक ख्यालाची एलपी लावली. गाणाऱ्या बाईंचा सा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. ऐकताना काहीतरी चुकतंय असं वाटलं म्हणून पेटी काढून ताडून पाहिलं, तर बाई पांढरी चारच्याही किंचित खाली बसलेल्या! आवाज जाडाभरडा, तबलजी झोपेत वाजवतोय असा ठेका. आई म्हणाली, "रेकॉर्ड खराब झाली असेल." रेकॉर्ड ठणठणीत होती.

चूक माझी होती. त्या टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या हर्ट्झवर चालणारी. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे मिनिटाला 33⅓ फेरे घ्यायच्या जागी प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) जेमतेम 27.8 घेत होता. म्हणजे तीन अर्ध्या स्वरांहून थोडी जास्तच घसरण. तेव्हा परदेशातून कोणी टर्नटेबल आणत असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. '60 हर्ट्झ' एवढंच लिहिलेलं असेल तर 50 हर्ट्झची पुली (मोटरच्या दांड्यावरची चकती) मिळते का ते आधी विचारा. ही पुली साधारण वीस टक्के जाड असते, आणि गॅरार्ड, थोरेन्स, ड्युअल अशा जुन्या कंपन्यांच्या मशिनांना दोन्ही प्रकारच्या पुल्या असत. अडॅप्टरवर चालणारा असेल तर अडॅप्टरचं आउटपुट बघा. 'डीसी' लिहिलं असेल तर काळजी नाही, 'एसी' असेल तर शंका घ्या.

या फजितीतून एक सवय लागली. टर्नटेबल चांगला की वाईट हे मी आधी तानपुऱ्यावरून ठरवतो. बास किती, झळाळी किती हे नंतर. इंग्रजी मासिकांतली परीक्षणं ड्रम आणि गिटार ऐकून लिहिलेली असतात. ड्रमच्या ठोक्यात वेगाची बारीक हालचाल लपून जाते. आपल्या संगीतात मागे तानपुरा सतत चालू, एकच सा, एकच पंचम. वेग एक टक्का हलला तर स्वर जवळजवळ एका श्रुतीएवढा हलतो आणि तानपुरा डोलायला लागतो. तंबोरा जुळवणाऱ्याच्या कानाला तर ते असह्यच.

आधी मशीन: फिरवायच्या तीन तऱ्हा

प्लॅटर फिरवायच्या तऱ्हा मुळात तीन. पहिली, रबरी चाकाची, म्हणजे आयडलर ड्राइव्ह. मोटरचा दांडा रबरी चाकाला घासतो, चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला. इंग्लंडमधल्या स्विंडनचा गॅरार्ड 301 हा 1954 सालचा, आणि जुनी यंत्रं जमवणारे अजून त्याच्यावर जीव टाकतात. ताकद भरपूर, सुरू केल्याबरोबर वेग पकडतो. पण मोटरची घरघर चाकातून थेट सुईपर्यंत पोचू शकते, आणि चाकाचं रबर कडक झालं की 'धुडुक धुडुक' चालू. नवशिक्याने पहिलं मशीन म्हणून याच्या नादी लागू नये असं माझं मत. दुरुस्ती करणारा ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी तऱ्हा बेल्टची. मोटर बाजूला, मध्ये रबराचा पट्टा, त्यामुळे मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते. 1961 साली अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या 'अकूस्टिक रिसर्च' कंपनीने स्प्रिंगांवर तरंगणारा बेल्टचा टर्नटेबल काढला. प्लॅटर आणि टोनआर्म (सुई धरणारा हात) एकाच पट्टीवर आणि ती पट्टी स्प्रिंगांवर, अशी ती कल्पना. ग्लासगोचा लिन सोंडेक त्याच घराण्यातला. उलट रेगासारख्या इंग्लिश कंपनीने स्प्रिंगा टाकून हलकी, कडक पाटी ठेवली. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांशी तावातावाने भांडतात. मला विचाराल तर हे भांडण तुमच्या घरातली जमीन सोडवते, ते पुढे येईलच.

तिसरी तऱ्हा म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. मोटरच्या दांड्यावरच प्लॅटर. 1970 साली जपानच्या टेक्निक्सने एसपी-10 काढून हा प्रकार बाजारात आणला, 1972मध्ये त्यांचा एसएल-1200 आला आणि पुढे डीजे लोकांनी तो डोक्यावर घेतला. 2010 साली उत्पादन थांबलं, 2016मध्ये परत सुरू झालं. 'डीजेचं यंत्र' म्हणून नाकं मुरडणारे भेटतील. पण तानपुऱ्याच्या परीक्षेत या जातीचे टर्नटेबल क्वचितच नापास होतात, कारण वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचा पहारा असतो. बेल्ट काही उन्हाळ्यांत सैल पडतो, इथे बेल्टच नाही.

मग घ्यायचा कोणता? अगदी सुरुवातीला, नुसतं 'लावलं आणि ऐकलं' हवं असेल तर ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-60एक्ससारखा आपोआप चालणारा बेल्टचा टर्नटेबल पुरतो. त्यात सुईचं वजन, म्हणजे ती रेकॉर्डवर किती दाबते ते, बदलता येत नाही, पण चुकवताही येत नाही. शिकायची हौस असेल तर वजन आणि कार्ट्रिज (आर्मच्या टोकाची सुई बसवलेली डबी) बदलता येणारा घ्या: त्याच कंपनीचा डायरेक्ट ड्राइव्हचा एलपी-120एक्स किंवा रेगा, प्रो-जेक्ट यांचा साधा बेल्टचा. आजोबांच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी वाजवायच्या असतील तर 78चा वेग आहे ना, एवढं घेण्याआधीच बघा. एलपी-60एक्समध्ये तो नाही, 120एक्समध्ये आहे.

सुटकेससारखे दिसणारे, आत स्पीकर असलेले गोंडस खोके मात्र भेट म्हणूनही देऊ नका. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुई चार-पाच ग्रॅमने रेकॉर्डवर दाबते आणि स्पीकरची थरथर त्याच खोक्यातून पुन्हा सुईत शिरते. पूर्वी घरोघरी असलेले एचएमव्हीचे 'फिएस्टा' प्लेअरही असेच जड हाताचे होते. म्हणून त्या काळात रोज वाजलेली एलपी विकत घेताना ती उजेडात तिरकी धरून बघा. खाचा राखाडी पडल्या असतील तर त्या मेल्या, कितीही धुवा.

कुठे ठेवायचा

माझा एक मित्र गिरगावात चाळीत राहतो. जमीन लाकडी फळ्यांची. त्याने हौसेने स्प्रिंगांवरचा टर्नटेबल घेतला आणि घरात कोणी चहा घेऊन आलं की सुई उडी मारायची, थेट अंतऱ्यावर. टर्नटेबल जमिनीवरून उचलून भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळीवर ठेवला, तेव्हापासून चहा निर्धास्त. सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास फारसा नसतो, तिथे रेगासारखा हलका, कडक टर्नटेबल जड टेबलावर छान राहतो. डोंबिवलीत आमच्या घरामागून गाडी जाते, त्याचंही काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवल्याने. आवाज वाढवला की खालून 'घूं' सुरू होतं आणि वाढतच जातं. स्पीकर वेगळ्या टेबलावर हवेतच.

मग पाणसळ. गवंड्याची मोठी नको, हार्डवेअरच्या दुकानात बोटाएवढी मिळते. प्लॅटरवर आधी आडवी, मग उभी ठेवा. खालचे पाय फिरत असतील तर ते फिरवून, नसतील तर पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते पायाखाली सरकवून बुडबुडा मध्ये आणा. हसू नका, माझ्या टर्नटेबलखाली अजून चौकटची दुर्री आहे.

सुईचं वजन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो, म्हणून सावकाश.

एक. सुईवरचं प्लास्टिकचं टोपण काढा. अँटिस्केटिंगची चकती (ती कशासाठी ते पुढे येतं) शून्यावर. प्लॅटर बंद.

दोन. टोनआर्म कड्यातून सोडवा, उचलायची दांडी खाली करा आणि हात आर्मखाली ठेवून मागचं वजन फिरवत राहा. एक क्षण असा येतो की आर्म वर जात नाही की खाली येत नाही, तराजूच्या काट्यासारखा आडवा तरंगतो. हा तोल साधायला पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. लागू द्या. पंखा मात्र बंद करा, नाहीतर जन्मभर तोल सापडणार नाही.

तीन. आर्म कड्यात अडकवा. आता वजनाचं धूड न हलवता त्याच्या पुढची आकड्यांची रिंग तेवढी फिरवून शून्य समोर आणा.

चार. आता वजन आणि रिंग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यावर आणा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ईला 2 ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या 2एम रेडला 1.8.

हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे. कमी वजनाची सुई खाचेत नाचते आणि भिंती खरवडते. दिलेल्या मर्यादेत जरा वरच्या बाजूला राहा. शक्य असेल तर छोटा डिजिटल काटा घ्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. माझ्या आर्मवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत पाव ग्रॅमचा फरक निघाला होता.

अँटिस्केटिंग म्हणजे काय? फिरती रेकॉर्ड सुईला मध्याकडे ओढत असते, ती ओढ उलट बाजूने तोलून धरायची. सुरुवातीला वजनाएवढाच आकडा ठेवा. जोरकस तानेत उजव्या स्पीकरमधून आवाज फाटत असेल तर थोडं वाढवा, डाव्यातून फाटत असेल तर कमी करा.

कार्ट्रिज सरळ बसवणं, आणि सतारीचा झाला का फाटतो

कार्ट्रिज आधीच बसवून आली असेल तर हा भाग पुढे कधीतरी वाचा. स्वतः बसवणार असाल तर मागच्या चार बारीक तारांचे रंग आधी पाठ करा: पांढरी डावीची, निळी डावीची परतीची, लाल उजवीची, हिरवी उजवीची परतीची. तारा बोटाने ओढू नका, भुवया कोरायच्या चिमट्याने त्यांची टोपी धरून सरकवा.

मग प्रोट्रॅक्टर. हा एक पुठ्ठा असतो, मधल्या खिळ्यावर बसतो. त्यावर दोन बिंदू असतात, एका प्रचलित पद्धतीत मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर. आर्म एका खुंटीभोवती वळतो म्हणून सुई खाचेला नेमकी समांतर फक्त दोनच जागी असते, त्या या. दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजची कड पुठ्ठ्यावरच्या रेघांशी समांतर येईपर्यंत स्क्रू सैल ठेवून पुढे-मागे करायचं. एक बिंदू जमला की दुसरा बिघडतो. वैताग येतो. उठा, चहा घ्या, परत बसा.

एवढा आटापिटा कशासाठी, ते आपल्याच रेकॉर्डींवर कळतं. प्लॅटरचा वेग एकच, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते, तर लेबलजवळ वीसएक सेंटिमीटरच. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपल्या एलपीवर शेवटी काय असतं? सतारीचा झाला (वादनाच्या शेवटचा जलद भाग), ख्यालातली द्रुत, तराणा. विलंबित आलाप ऐसपैस बाहेरच्या खाचांत आणि सगळ्यात वेगवान, सगळ्यात जोरकस भाग अरुंद गल्लीत! पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डींवर शेवटी एखादं संथ गाणं टाकून वेळ मारून नेता येते. रागाचा क्रम कोण उलटा करणार? म्हणून आपल्याकडे कार्ट्रिज सरळ असणं जास्त महत्त्वाचं, आणि गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल टोकाची सुई थोडे पैसे जास्त देऊन घेणं परवडतं. बारीक टोक त्या गल्लीतली वळणं जास्त नीट वाचतं.

एक ताकीद. सगळं झाल्यावर झाकण बंद करा. मी ते उघडं ठेवून ऑफिसला गेलो, संध्याकाळी आलो तर टर्नटेबल लख्ख पुसलेला आणि सुईची नळी फडक्याच्या धाग्याला लटकलेली. कामाला येणाऱ्या मावशींना काय बोलणार? झाकण मीच उघडं टाकलं होतं.

वायरी

टर्नटेबलमधून निघणारा आवाज फार क्षीण, चार-पाच मिलिव्होल्टचा. शिवाय खाच कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. 1954 साली ठरलेल्या आरआयएए या प्रमाणानुसार ते परत सरळ करावे लागतात. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो कधी अँप्लिफायरमध्ये असतो, कधी टर्नटेबलमध्येच, कधी वेगळी डबी. नेमका एकच हवा. एकही नसेल तर आवाज डासाच्या भुणभुणीसारखा, पातळ. दोन झाले तर भोंगा. टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असं बटण असेल तर ते नीट बघा: अँप्लिफायरच्या फोनो खाचेत लावत असाल तर बटण फोनोवर, ऑक्समध्ये लावत असाल तर लाइनवर.

मागून एखादी सुटी बारीक वायर निघत असेल तर ती अर्थिंगची. अँप्लिफायरवर 'ग्राउंड' लिहिलेल्या स्क्रूखाली दाबा, घूं थांबेल. तरीही कुरकुर येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर आणि शेजारचा मोबाइल चार्जर बंद करून बघा.

आता ऐका

वेग आधी मोजा. पट्ट्यांची कागदी चकती मिळते. आपल्या 50 हर्ट्झसाठी 33⅓ला 180 पट्ट्यांची, आणि अमेरिकन चकतीवर 216 असतात, ती इथे फसवते. दिव्याखाली पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. हल्लीचे बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, मग जुना पिवळा बल्ब काढा. पेटी हाताशी असेल तर गायकाची पट्टी माहीत असलेली रेकॉर्ड लावून ताडणं मला जास्त आवडतं.

मग तानपुरा. आलापाच्या आधीचे दहा-पंधरा सेकंद, डोळे मिटून. स्वर लाटेसारखा वर-खाली होतोय? घड्याळ बघा. 33⅓च्या रेकॉर्डचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. डोलणं बरोबर या तालात असेल आणि दुसऱ्या रेकॉर्डवर नसेल, तर टर्नटेबल निर्दोष, त्या रेकॉर्डचं भोकच मध्यावर नाही. हे कारखान्यातलं पाप, आपल्या जुन्या एलपींत बरंच आढळतं. सगळ्याच रेकॉर्डींवर असेल तर बेल्ट तपासा, पुलीवरचं तेल स्पिरिटने पुसा. डोलणं जलद, थरथरल्यासारखं असेल तर दोष बहुधा मोटरचा किंवा रबरी चाकाचा.

घरघर ऐकायला दोन गाण्यांमधली मोकळी जागा वापरा. आवाज वाढवून सुई तिथे सोडा. चरचर, टिकटिक रेकॉर्डची असते, खालून येणारी सलग गुरगुर मशिनची.

मित्राचा टर्नटेबल आणि तुमचा, दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची हौस येतेच. तेव्हा कार्ट्रिज एकाच मॉडेलची, वजन काट्यावर मोजलेलं, प्रीअँप एकच आणि आवाजाची पातळी सारखी असू द्या. पातळी थोडी जरी जास्त असली की कान त्यालाच 'खुललेला आवाज' म्हणतो. गिरगावच्या त्या मित्राकडे आम्ही एकदा दुपारभर भांडलो, माझा बेल्टचा मवाळ आणि त्याचा नवा डायरेक्ट ड्राइव्ह करकरीत म्हणून. शेवटी कार्ट्रिजांची अदलाबदल केली. करकरीतपणा कार्ट्रिजबरोबर माझ्याकडे आला. मशिनांमधला उरलेला फरक एवढाच की त्याच्याकडे तानपुरा दगडासारखा स्थिर होता.

78 आणि पावसाळा

बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या 78 घरात सापडल्या तर एलपीची सुई त्यांवर टाकू नका. 78ची खाच रुंद, तिला एलपीच्या सुईच्या तिपटीहून जाड टोक लागतं. व्हीएम95 जातीच्या कार्ट्रिजला 78ची वेगळी सुई मिळते, नुसती ओढून बदलता येते. वजन मात्र पुन्हा लावायचं, ते बरंच जास्त असतं. या रेकॉर्डी लाखेच्या. पडल्या की फुटतात आणि स्पिरिट लावलं की विरघळतात. जगात 78 मागे पडल्यावरही आपल्याकडे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या निघत राहिल्या, बीटल्सच्यासुद्धा. जुन्या बाजारात कोणी तशी दाखवली तर लगेच नकली म्हणू नका.

पावसाळ्यात रेकॉर्डींवर पांढुरके ठिपके येतात, ती बुरशी. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड आणि खाचेच्या दिशेने गोल हात. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून भांड्यांच्या स्टँडवर उभी वाळवा. लेबल भिजू देऊ नका. आतला जुना कागदी लिफाफा फेकून नवा घाला, बुरशी त्यातच वस्तीला असते. रेकॉर्डी उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत तळच्या वाकतात.

सुई हिऱ्याची असली तरी झिजते. पाचशे ते हजार तास धरून चाला. मी टर्नटेबलखालच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे, प्रत्येक बाजूला एक रेघ. बाजू वीसएक मिनिटांची, म्हणजे तीन रेघांचा एक तास. काल मोजल्या, अठराशे बारा भरल्या. सहाशे तास होऊन गेले, पुढच्या पगाराला नवी सुई.